कोळसा सोडवणाऱ्या शैलाताई

मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

विजयराव, ऋतुजा, आणि शैलाताईंच्या आई, तुम्ही तिघं अगदी समोर बसला आहात. तुमच्या तोंडाकडे बघून मला बोलता येणार नाही. म्हणून मी मागच्या रांगेकडे बघून बोलतो. राग मानू नका.

पेणहून तुम्ही इतकी माणसं आलात. कंपनीतली आलीत, गावातली आलीत. हे आमच्या वरसे गावचं समाजमंदिर. इथे हळदी होतात, बारशी होतात. माझ्या मुलीचा साखरपुडा इथेच झाला. त्या दिवशी शैलाताई त्या खांबाजवळ उभ्या राहून श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत होत्या, आणि मी बघितलं म्हणून मलाच दटावत होत्या. आज त्यांच्या फोटोला हार घालून मी इथे उभा आहे. काय बोलायचं? कुठून सुरुवात करायची? त्यात मला बोलायची सवय नाही. बॉयलरपाशी बोलून उपयोग नसतो, आवाजात ऐकू येत नाही. आम्ही हातवाऱ्यांनी कामं करतो. तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी रघुनाथ ठाकूर. इथलाच, वरशाचा. रोह्याच्या आमच्या कंपनीत बॉयलरवर आहे. बॉयलर म्हणजे काय? सगळ्या कंपनीला वाफ देणारी चूल. चूल विझली की कंपनी थांबली, इतकं सोपं. आणि शैलाताई म्हात्रे, विजयरावांच्या पत्नी, ऋतुजाची आई, आमच्या पर्यावरण विभागाच्या अधिकारी. रोज पेणहून यायच्या, रोज पेणला जायच्या. येताना डबा विसरायच्या, जाताना छत्री विसरायच्या. आमच्या स्टोअरमध्ये आजही त्यांच्या छत्र्या आहेत. विजयराव, न्यायच्या असतील तर सांगा. नाहीतर राहू द्या. राहू द्याच.

त्या नवीन आल्या तेव्हा आम्ही त्यांना हसायचो. का? त्यांनी काय केलं, कंपनीत सगळीकडे रंगीत डबे ठेवले. ओल्या कचऱ्याला हिरवा, सुक्याला निळा, आणि काय काय. भिंतीवर चित्रं लावली, हिरवीगार पृथ्वी आणि तिला धरलेले दोन हात. आठवडाभरात हिरव्या डब्यात गुटख्याच्या पुड्या, निळ्या डब्यात वडापावचा पाव. आणि बॉयलर हाऊसच्या मागे एक लाल डबा उलटा घालून त्यावर बसून एक माणूस चहा पीत होता. तो माणूस मी.

हसा, हसा. त्याही हसल्या होत्या.

त्या कोपऱ्यावरून आल्या, मी गडबडून उठायला लागलो. म्हणाल्या, "बसा, रघुनाथदादा. बसायला बरा हाय ना? कशाला तरी उपयोगी पडला." आणि दुसरा डबा ओढला, उलटा घातला, माझ्यासमोर बसल्या आणि चहा मागवला. ऑफिसात त्या शुद्ध बोलायच्या. पण आमच्याकडे आल्या की खाडीकडची बोली यायची. त्यांचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागराचं.

तर डब्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "मला एक सांगा. माझ्या पोस्टरचं सोडा. या कामात तुम्हाला स्वतःला कशाचा त्रास होतो?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "धुळीचा. कोळशाच्या धुळीचा. माझी बायको माझे कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवत नाही. पोरांच्या शाळेच्या शर्टांना काळं लागतं."

त्या चहा संपवून गेल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची पृथ्वी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली.

पुढे कंपनीने ठरवलं की कोळसा बंद करायचा. त्याच्या जागी भाताचं तूस. आपल्याच भागातल्या भातगिरण्यांमधलं तूस दाबून कांड्या करतात, त्या जाळायच्या. नवा बॉयलर येणार, धूर कमी होणार. आणि ते काम शैलाताईंच्या गळ्यात पडलं.

कॅन्टीनमध्ये मीटिंग झाली. पडद्यावर चित्रं दाखवली. शैलाताई छान बोलल्या. टाळ्याही झाल्या. पण कशा? साहेब पुढच्या रांगेत बसलेले असतात तेव्हा वाजतात तशा. मग विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" कोणी हलेना.

तेव्हा मागून कमळ पुढे आली. कमळ, तू इथेच आहेस, तुझं नाव घेतोय, चालेल ना? मंडळी, तेव्हा आमच्या कोळशाच्या यार्डात सहा बायका काम करायच्या. ढेकळं फोडायची, घमेल्याने कोळसा वाहायचा. कंत्राटदाराच्या हाताखाली. मीटिंगला त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं, त्या आपणहून दारापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कमळ म्हणाली, "बाई, कोळसा नाय तर आम्ही काय उचलायचा?"

साहेब मान वळवून म्हणाले, "त्याचं नंतर बघू." शैलाताईंनी साहेबांकडे बघितलं नाही. त्या कमळकडेच बघत होत्या. माईक हातात तसाच. म्हणाल्या, "मला माहीत नाय, कमळ. मी हा विचार करून आलेच नव्हते."

मंडळी, माईकवर "मला माहीत नाही" म्हणणारा अधिकारी मी जन्मात पहिल्यांदा बघितला. कोणीही असतं तर गोड काहीतरी बोललं असतं. तुमची काळजी घेऊ, तुम्ही आमचं कुटुंब आहात. आम्हाला अशी वाक्यं पाठ आहेत. त्यांनी ते केलं नाही. म्हणाल्या, "उत्तर घेऊन येते. तोपर्यंत या कामाचा बोर्ड गेटवर लागणार नाय."

त्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "मॅडम, त्या कंत्राटातल्या बायका. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?" तेव्हा त्यांनी मला वडिलांचं सांगितलं. त्यांच्या गावचं मिठागर बंद झालं तेव्हाचं. वडील सकाळी नेहमीसारखे कामाला निघाले आणि जरा वेळाने परत आले. तिथे गेल्यावर कोणीतरी सांगितलं, आजपासून यायचं नाय. वडील ओटीवर बसून राहिले. शैलाताई म्हणाल्या, "काम गेल्याचं वाईट वाटलंच. पण बाबा पुढे कित्येक वर्षं एकच बोलत राहिले. एवढं मीठ ओढलं आम्ही, कोणी घरी येऊन सांगितलं पण नाय." आई, तुम्ही मान हलवताय. तुम्हाला आठवतंय.

आता माझं सांगतो. मी या नव्या बॉयलरच्या विरोधात होतो. कोळशाची आग मला कळते. ती कधी रुसते, कधी धरते, मला बघून कळतं. आणि तूस? तूस आम्ही कोंबड्यांच्या खाली पसरतो. त्याच्यावर कंपनी चालवायची? मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मॅडम, मी याच्या विरोधात आहे. माझी अख्खी शिफ्ट विरोधात आहे."

मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मग गुरुवारी माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या तालुक्यात एका कारखान्यात असा बॉयलर चालू होता. गाडीत आम्ही चौघं. शैलाताई, मी, कमळ आणि आमचे फिटर सलीमभाई. सलीमभाईही विरोधातच. म्हणजे गाडीत त्या एकट्या एका बाजूला आणि आम्ही तिघं दुसऱ्या बाजूला. ड्रायव्हर कोणाच्या बाजूला होता ते माहीत नाही, पण तो पण काही बोलत नव्हता.

तिथल्या साहेबांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. सगळं उत्तम, कशाचाच त्रास नाही. शैलाताईंनी मान डोलावली, आभार मानले, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चला, आता खरी भेट." गेटसमोर टपरी होती. शिफ्ट सुटून तिथली बॉयलरची पोरं चहाला आली होती. शैलाताई त्यांच्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दादांनो, मी आमच्याकडे हाच बॉयलर बसवणार हाय. मला कशाकशावरून शिव्या पडतील, तेवढं सांगा."

एवढंच विचारलं. मग काय, ती पोरं सुटलीच! राख पिठासारखी उडते, मानेला खाज सुटते. पावसात कांड्या ओल्या होतात, आग धरत नाही. कांड्या वाहून नेणाऱ्या पट्ट्यात माल अडकतो, फिटरला जेवू देत नाही. सलीमभाईंचा चेहरा लांब लांब होत चालला. आणि शैलाताई? त्या चहा सांगत होत्या आणि म्हणत होत्या, "अजून? अजून सांगा."

येताना वडखळला थांबलो. भजी मागवली. मी तापलो होतो. म्हटलं, "मॅडम, हे सगळं आम्हाला ऐकवलंत कशाला? आता तर मी जास्तच विरोध करणार."

"करा ना," त्या म्हणाल्या. "पण आता नीट करा. नुसतं नको म्हणू नका. शेड नाय तर नको म्हणा. राखेवर पाणी मारायची सोय नाय तर नको म्हणा. मी एकटी बोलले की साहेब म्हणतात, बघू. तुमचं नको मला लागणार हाय, रघुनाथदादा. ते टाकून देऊ नका."

मी भजी हातात धरून बसलो. माझ्या विरोधाची कोणाला गरज असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "पट्ट्याला झाकण आणि हाताशी सुटे भाग, नाहीतर माझं पण नको." आणि कमळ म्हणाली, "आम्ही सहा जणी नाय, तर नको."

शैलाताई म्हणाल्या, "कमळचं पहिलं."

आणि खरंच तेच पहिलं मांडलं. साहेबांपुढे आम्ही चौघं गेलो. त्यांनी आधी कुरकुर केली, मग कबूल केलं. कांड्यांना पक्की शेड. राखेला पाणी. यार्डातल्या बायकांना नव्या पट्ट्यावरचं काम शिकवायचं. मग शैलाताईंनी गेटवर बोर्ड लावू दिला.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, ती शोकसभेत सांगावी की नाही यावर माझं आणि सलीमभाईंचं भांडण झालं. सलीमभाई म्हणाले, गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं. मी म्हटलं, हेच चांगलं आहे. शैलाताई चुकल्या होत्या.

उद्घाटनाची तारीख ठरली. मोठे पाहुणे येणार होते. शेडचे खांब उभे होते, वर पत्रे नव्हते. साहेब म्हणाले, पत्रे येतच आहेत, आपण सुरू करून टाकू. आणि शैलाताई हो म्हणाल्या. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. आणि पाऊस लागला.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ताडपत्र्या घातल्या, त्या फडफडत उडाल्या. कांड्या फुगल्या, चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या हातात तुटायला लागल्या. आग धरेना. धुराने बॉयलर हाऊस भरलं, डोळे उघडेनात. वाफ उतरायला लागली. प्लांटमधून फोनवर फोन. शेवटी प्लांट थांबवावा लागला. चालू माल वाया गेला. आम्ही सगळे भिजलेले, खोकणारे, आणि संतापलेले. सांगितलं होतं ना? शेड नाही तर नको, असं सांगितलं होतं ना?

ऑफिसात बोलावणं आलं. मीही होतो. कोण चुकलं याची चर्चा सुरू झाली, आणि ती हळूहळू खाली खाली यायला लागली, पाणी उतरतं तशी. कोणीतरी म्हणालं, "ऑपरेटरांना अजून नव्या आगीची सवय झालेली नाही." म्हणजे आलंच आमच्यावर. मी तोंड उघडणार, एवढ्यात शैलाताई उठल्या.

"ऑपरेटरांनी आधीच बजावलं होतं," त्या म्हणाल्या. "शेड पुरी नसताना सुरू करायला हो मी म्हटलं. चूक माझी आहे. त्यांच्यातल्या कोणाचीही नाही."

साहेब समोरचे कागद चाळायला लागले. कारण सुरू करून टाकू, असं आधी तेच म्हणाले होते.

तिथून त्या सरळ खाली आमच्याकडे आल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आम्ही सगळे उभे. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाय. फीत कापायची मलाच घाई झाली होती." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

काय करणार? आमचा राग तर होताच. पण समोर बाई रडतेय. कोणी पुढे होईना. तेव्हा कमळ म्हणाली, "बाई, रडून तूस सुकत नाय."

आधी सलीमभाई हसले. मग सगळेच. शैलाताईंनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मग कशाने सुकतं ते सांग गो." आणि तिथेच, त्या चिखलात, सगळ्यांचं बोलणं सुरू झालं. कोण म्हणे रिकाम्या गोदामात हलवू, कोण म्हणे आहे तेवढा सुका माल वेगळा काढू. शेवटी शैलाताईच बोलल्या, आणि बोलल्या ते ऐकून मी चाट पडलो. "पाऊस संपेपर्यंत जुन्या बॉयलरवर जाऊ. कोळशावर."

विचार करा. ज्या बाईने कोळसा बंद करायला एवढं जिवाचं रान केलं, तीच म्हणतेय कोळशावर जाऊ. मी म्हटलं, "ताई, साहेब काय म्हणतील? तुमचं नाव खराब होईल." त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून मॅडमऐवजी ताई आलं, ते माझं मलाच नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "होऊ दे. चार महिने मागे गेलो म्हणजे काय हरलो नाय. माणसं धुरात घुसमटवून मला पुढे जायचं नाय."

ते चार महिने त्यांना सोपे गेले नाहीत. हसणारे हसले. वरच्यांनी टोमणे मारले. त्या रोज शेडपाशी यायच्या, पत्रे बसताना खाली उभ्या राहायच्या आणि बसवणाऱ्यांना भंडावून सोडायच्या.

पाऊस गेला. शेड पुरी झाली. नवा बॉयलर पुन्हा पेटवला. यावेळी पाहुणे नाहीत, फीत नाही. नारळ कमळने फोडला, आणि तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, तर शैलाताई म्हणाल्या, "बघ, हा पण विरोधात हाय." तेव्हापासून तो बॉयलर चालू आहे. माझी बायको आता माझे कपडे घरच्या कपड्यांतच भिजवते. तुम्हाला यात मोठं काय ते कळणार नाही. आमच्या घरात ते मोठं आहे.

पण सहा बायकांचं काय झालं? ते सांगायला हवं, नाहीतर शैलाताई वरून मला ओरडतील.

पाच जणी पट्ट्यावरचं काम शिकल्या. कमळ आज त्या पाळीची मुख्य आहे. सहावी पार्वतीबाई. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. चालत्या पट्ट्यावर त्यांना उभं करायला सेफ्टीवाले तयार होईनात. शैलाताई भांडल्या. पण एका बाजूने त्यांनाही पटत होतं, हात अडकला तर? मग कॅन्टीनमध्ये काम काढलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "मी भांडी घासायची नाय. मी यार्डातली बाई हाय." आणि त्या गेल्या. डोलवीच्या बाजूला बहीण असते, तिकडे जाऊन राहिल्या, तिकडेच काहीबाही कामं धरली.

शैलाताईंनी ते कधी विसरू दिलं नाही. आम्ही म्हणायचो, "ताई, मस्त जमलं सगळं." त्या म्हणायच्या, "पाच." बाहेरचे लोक बघायला यायचे, कौतुक करायचे, म्हणायचे एकाही माणसाला न काढता केलंत. त्या तिथल्या तिथे म्हणायच्या, "नाही. एक गेली." साहेब कपाळाला हात लावायचे.

पार्वतीबाई आज आल्या आहेत. डोलवीहून मिनिडोर रिक्षा बदलत बदलत आल्या. सभा सुरू व्हायच्या आधी त्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या, मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्यांना विचारून सांगतोय.

शैलाताई दर दिवाळीला त्यांच्याकडे जायच्या. कामाचा विषय काढायच्या नाहीत. बसायच्या, चहा प्यायच्या, वालाच्या शेंगा असतील तर सोलायला घ्यायच्या. आणि निघताना दारात विचारायच्या, "रागावलीस का गो अजून?"

पार्वतीबाई म्हणायच्या, "व्हय."

शैलाताई म्हणायच्या, "बरं. मग पुढच्या दिवाळीला येते."

मी विचारलं, "खरंच एवढी वर्षं राग होता?" पार्वतीबाई म्हणाल्या, "पहिल्या वर्षी होता. नंतर कुठला राग? पण नाय म्हटलं असतं, तर ती यायची बंद झाली असती."

पार्वतीबाई, बंद झाल्या नसत्या त्या. मी सांगतो तुम्हाला. त्या आल्याच असत्या.

शैलाताईंच्या आजाराचं आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांनी कळू दिलं नाही. मुंबईला उपचाराला जायच्या आणि आम्हाला सांगायच्या मीटिंगला गेले होते. शेवटी पेणला घरी भेटायला गेलो. कमळ, सलीमभाई आणि मी. विजयरावांनी दार उघडलं. ताई पलंगावर बसल्या होत्या, अंगावर शाल, एवढ्याशा झाल्या होत्या. कमळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यांनीच सुरुवात केली. "नव्या पाण्याचं काय झालं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंपनीने आता ठरवलंय की वापरलेलं पाणी शुद्ध करून संडासाला आणि बागेला परत वापरायचं. हे काम सुरू करून त्या आजारी पडल्या.

मी म्हटलं, "ताई, बोंब आहे. कोणी ऐकत नाही. ते पाणी नको म्हणतात. दुसरं पाणी बाटल्यांत भरून घेऊन जातात संडासाला."

"विरोधात कोण कोण हाय?"

"सगळे."

त्या हसल्या. अगदी पहिल्यासारख्या, खांदे हलवून. हसताना त्यांना दुखत होतं, ते दिसत होतं, तरी हसल्या. म्हणाल्या, "मग बरं चाललंय. कोणीच काही बोलत नसतं तर काळजी होती. आता असं करा, सगळ्यात जास्त जो ओरडतो ना, त्याच्याकडे जा. चहा पाजा. आणि ऐका. मध्ये बोलू नका. रघुनाथदादा, तुम्हाला सांगतेय. तुम्ही मध्ये बोलता."

मग जरा वेळ डोळे मिटून बसल्या. आम्ही उठायला लागलो तर डोळे न उघडता म्हणाल्या, "खाऊन जा. ऋतुजाने घावणे केलेत." ऋतुजा, तुला आठवतं? कमळने चार खाल्ले. रडत रडत चार खाल्ले.

मी गेल्या आठवड्यात त्या माणसाकडे गेलो. सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याकडे. चहा पाजला. मध्ये बोललो नाही. अवघड गेलं. तो तासभर बोलला. शेवटी म्हणाला, ते पाणी आधी एकदा आम्हाला येऊन बघू द्या, कुठून येतं आणि कसं साफ होतं ते. उद्या तो आणि त्याच्याबरोबर काही जण बघायला येणार आहेत. काय होईल माहीत नाही. त्या असत्या तर त्यांनीही तेच म्हटलं असतं, माहीत नाय.

संपवतो. एक शेवटचं.

ज्या दिवशी शैलाताई गेल्या, त्या दिवशी पेणला सगळ्यांनाच जायचं होतं. पण बॉयलर सोडून सगळ्यांना एकदम निघता येत नाही. चूल चालू आहे, माणूस लागतोच. ऑफिसातून कोणाचा हुकूम आला नव्हता. पोरांनी आपापसातच ठरवलं. अर्धे पेणला जातील, त्यांना शेवटचा निरोप देतील. अर्धे थांबतील. आणि जे थांबले, ते आज इथे येतील. त्यांच्या जागी पहिले अर्धे कामावर जातील. इथे उजव्या बाजूला जी मंडळी बसली आहेत, निळ्या शर्टातली, ती त्या दिवशी आग सांभाळत होती. त्यांना ताईंचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. आज हात जोडायला आली आहेत. आणि ज्यांनी पेणला खांदा दिला, ते आत्ता बॉयलरपाशी आहेत. मी इथे बोलतोय, तिथे ते काम करतायत. त्यांना माहीत आहे आपण या वेळी काय करणार आहोत ते.

बॉयलरवरच्या माणसाला ड्युटीत बसता येत नाही. ते उभेच आहेत.

चला मंडळी, आपणही उभं राहू. आई, तुम्ही बसा. बाकी सगळे उठा. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही.

शैलाताई, नमस्कार.